मालकाविना कारखाना : कामगार स्वतः कंपनी चालवू शकतात का?

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारचे ग्रंथवाचन संपल्यावर एक तरुण मागे थांबला. जवळच्या एमआयडीसीतली त्याची कंपनी चार महिन्यांपासून बंद होती. गेटला कुलूप, पगार थकलेला, आणि रात्री टेम्पो येऊन आतले साहित्य नेतात असे वॉचमन सांगत होता. त्याने विचारले, "मशिनी आम्हीच चालवत होतो, माल आम्हीच काढत होतो. मालक पळाला तर आम्ही कंपनी चालवू शकत नाही का? तुम्ही शिकलेले आहात, सांगा."

आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केले, पण हा प्रश्न आम्हाला कोणत्याही परीक्षेत आला नव्हता. त्या दिवशी आम्ही त्याला अर्धेमुर्धे उत्तर दिले. नंतर वाचन केले, जुन्या कामगार कार्यकर्त्यांना भेटलो. हा लेख म्हणजे त्या तरुणाला उशिरा दिलेले उत्तर आहे. असे प्रश्न घेऊन फिरणारे आपल्या वस्त्यांत बरेच आहेत, म्हणून ते इथे देत आहोत.

थोडक्यात सांगायचे तर, होय, कामगार कारखाना चालवू शकतात. जगात शेकडो ठिकाणी चालवला आहे आणि आपल्या मुंबईतही चालवला आहे. पण ताबा घेणे हा त्यातला सोपा भाग असतो.

अर्जेंटिनातली टाइल्स फॅक्टरी

२००१ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतला अर्जेंटिना हा देश आर्थिकदृष्ट्या कोसळला. बँकांतले पैसे काढण्यावर बंदी आली, डिसेंबरमध्ये लोक थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरले, राष्ट्राध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला. पुढच्या वर्षी पाचपैकी एक माणूस बेकार होता. मालक कारखाने सोडून जात होते आणि कामगार आत शिरत होते. ब्यूनोस आयर्समधल्या ब्रुकमन या कपड्यांच्या कारखान्यात तर बहुतेक शिलाई करणाऱ्या बायकाच होत्या. १८ डिसेंबर २००१ ला थकलेल्या पगारासाठी त्या कारखान्यात थांबल्या, मालक परत आलाच नाही, आणि त्यांनी मशिनी सुरू केल्या. २००३ मध्ये पोलिसांनी त्यांना बाहेर काढले, पण त्याच वर्षी शहराच्या विधिमंडळाने कायदा करून कारखाना त्यांच्या सहकारी संस्थेकडे दिला.

याहून जास्त शिकण्यासारखी गोष्ट आहे न्यूकेन प्रांतातल्या झानोन या टाइल्सच्या कारखान्याची. तिथे मालक असताना प्रत्येक खात्याच्या कामगाराला वेगळ्या रंगाचा गणवेश होता. भट्टीवाला पॅकिंगमध्ये दिसला तर लांबूनच ओळखू येई. एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. जुनी युनियन व्यवस्थापनाच्या खिशात होती. मग काही तरुण कामगारांनी काय करावे? त्यांनी खात्याखात्यांमध्ये फुटबॉलच्या स्पर्धा भरवल्या! प्रत्येक खात्याचा संघ, प्रत्येक संघाचा एक प्रतिनिधी, आणि त्या प्रतिनिधींच्या बैठकीत खेळाबरोबर पगाराचे, अपघातांचे बोलणे. अशा रीतीने त्यांनी आधी कारखान्यातली समिती जिंकली, मग २००० साली युनियन जिंकली. त्याच वर्षी एका तरुण कामगाराचा कारखान्यात वेळेवर उपचार न मिळाल्याने मृत्यू झाला आणि त्यावरून संपही झाला.

हा भाग आम्ही मुद्दाम लांबवून सांगत आहोत. कारण लोक फक्त "कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला" एवढेच ऐकतात. त्याआधीची तीन-चार वर्षे कोणी पाहत नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये मालकाने भट्ट्या थंड केल्या आणि सगळ्यांना काढले. कामगार गेटबाहेर तंबू टाकून बसले. शेजारच्या तुरुंगातल्या कैद्यांनी आपल्या वाट्याचे अन्न त्यांना पाठवले, ही नोंद आहे. मार्च २००२ मध्ये सुमारे २६० कामगारांनी उत्पादन पुन्हा सुरू केले. कच्च्या मालाची अडचण आली तेव्हा तिथल्या मापुचे या आदिवासी समाजाने आपल्या जमिनीतली माती दिली. कामगारांनीही आपल्या टाइल्सना मापुचे नक्षी आणि नाव दिले. एप्रिल २००३ मध्ये ताबा काढून घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा शहरातले हजारो लोक कारखान्याभोवती उभे राहिले. ते का आले? कारण कामगारांनी दवाखान्यांना, शाळांना टाइल्स फुकट दिल्या होत्या, आणि जागा निघाल्या तेव्हा बेकारांच्या संघटनेतल्या लोकांना कामावर घेतले होते.

आत कारभार कसा चालत होता? प्रत्येक खाते आपला समन्वयक निवडत असे आणि तो ठराविक काळाने बदलत असे. महिन्यातून एक दिवस उत्पादन बंद ठेवून पूर्ण पाळीभर सभा होत असे. किती माल विकला, किती पैसे आले, कोणाचे काय चुकले, सगळे त्या सभेत. पगार जवळजवळ सगळ्यांना सारखा. कामगारसंख्या पुढे साडेचारशेच्या वर गेली. कारखान्याला त्यांनी नाव दिले 'फासिनपात', म्हणजे मालकाविना कारखाना. ऑगस्ट २००९ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने तो कायद्याने संस्थेकडे दिला.

मालकी मिळाली म्हणून सगळे सुरळीत झाले असे नाही. मशिनी जुन्या झाल्या, नव्या घ्यायला कर्ज मिळेना, २०१६ नंतर गॅस आणि विजेचे दर प्रचंड वाढले. टाइल्सच्या भट्टीला गॅस लागतोच. आज अर्जेंटिनात असे तीनशेहून अधिक कारखाने, छापखाने, हॉटेले कामगार चालवतात, आणि बहुतेकांची तक्रार हीच आहे, खेळत्या भांडवलाची.

कुर्ल्याची कमानी

आता आपल्याकडे या. मुंबईत कुर्ला पश्चिमेला आजही लोक पत्ता सांगताना 'कमानी' म्हणतात. तिथे कमानी ट्यूब्ज हा तांब्या-पितळेच्या नळ्या बनवणारा कारखाना होता. मालक घराण्यातल्या भांडणात तो आजारी पडला आणि १९८५ मध्ये बंद झाला. कामगार सहाशेच्या आसपास. डी. थंकप्पन यांच्या नेतृत्वाखालच्या कमानी एम्प्लॉइज युनियनने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि म्हटले की, मालकाला चालवायचा नसेल तर आम्ही चालवतो. त्या काळी आजारी उद्योगांसाठी बीआयएफआर नावाचे मंडळ नुकतेच सुरू झाले होते. सप्टेंबर १९८८ मध्ये या मंडळाने कामगारांची योजना मंजूर केली. कामगारांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीतला पैसा घातला, सहकारी संस्था काढली आणि कारखाना पुन्हा सुरू केला. देशभर त्याची चर्चा झाली. सुरुवातीची वर्षे चांगली गेली.

पुढे तो प्रयोग टिकला नाही. तांबे हा महाग कच्चा माल. तो रोख घ्यावा लागतो आणि विकलेल्या मालाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. मधले दिवस काढायला बँक हवी, आणि कामगारांच्या संस्थेवर बँका हात राखून भरवसा ठेवतात. त्यात १९९१ नंतर बाजार खुला झाला. आतली भांडणेही होती. कालचा युनियनवाला आज व्यवस्थापक झाला की कामगाराने तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न तिथे खरोखर उभा राहिला. आमच्या मते हा प्रश्न भांडवलाइतकाच मोठा आहे. संस्था वेगळी आणि युनियन वेगळी, दोन्ही जिवंत, असे ठेवल्याशिवाय तो सुटत नाही.

टिकलेले उदाहरण केरळात आहे. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याची केरळ सरकारने अंमलबजावणी सुरू केली तेव्हा किमान सोयी द्यायला नको म्हणून मोठ्या बिडी मालकांनी १९६८ मध्ये कन्नूर भागातले काम बंद केले. हजारो कामगार रस्त्यावर आले. फेब्रुवारी १९६९ मध्ये कामगारांची 'केरळ दिनेश बिडी' ही सहकारी संस्था सुरू झाली. वीस रुपयांच्या भागातला कामगाराने आधी एकच रुपया भरायचा, बाकीचे सरकारचे कर्ज. भरभराटीच्या काळात तिथे चाळीस हजारांवर कामगार होते. पुढे बिडीचा खप घटला तेव्हा संस्थेने छत्र्या, खाद्यपदार्थ, कपडे असे उद्योग सुरू केले. फरक कुठे पडला? तिथे सरकार पाठीशी होते, आणि बिडी वळायला महागडी भट्टी लागत नाही.

आपल्याकडचा 'सहकार'

महाराष्ट्रात सहकार म्हटले की साखर कारखाना आठवतो. लोणीच्या प्रवरेपासून सुरू झालेला तो सहकार ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा आहे. सभासद जमीनवाला. कारखान्यात काम करणारा तिथे नोकर असतो आणि बीडहून कोयता घेऊन येणारे जोडपे तर कोणाच्याच यादीत नसते. म्हणजे ज्याला जमीन नाही त्याला त्या सहकारात मत नाही. कामगारांचा सहकार याच्या उलट आहे. तिथे काम हीच सभासदत्वाची अट.

आणखी एक सहकार आपल्या समाजाच्या नावावर चालतो. अनुसूचित जातींच्या औद्योगिक सहकारी संस्थांसाठी राज्य सरकारची योजना आहे. त्यात सभासदांनी ५ टक्के भरायचे, ३५ टक्के शासनाचे भागभांडवल, ३५ टक्के शासनाचे कर्ज आणि २५ टक्के बँकेचे. कागदावर ही जगातल्या कोणत्याही कामगाराला हेवा वाटावा अशी सोय आहे. झानोनच्या कामगारांना यातले दहा टक्के मिळाले असते तरी चालले असते! पण अनेक संस्थांच्या शेडमध्ये गवत उगवले आहे. आम्ही अशा एका संस्थेची सभासद यादी पाहिली. त्यात आमच्या ओळखीच्या, धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंचे नाव होते. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "मागं एकदा आधार कार्डची झेरॉक्स नेली होती, घरकुलासाठी म्हणून." आपण एका कारखान्याच्या भागधारक आहोत हे त्यांना माहीतच नव्हते. तेव्हा तरुणांनो, कोणी 'सभासद हो' म्हणून सही मागितली तर आधी विचारा, सभा कधी असते, हिशेब कोण वाचून दाखवतो, आणि मला तिथे काम मिळणार का?

आपल्या दृष्टीने एक प्रश्न आणखी आहे, तो अर्जेंटिनाच्या पुस्तकांत सापडणार नाही. झानोनमध्ये खात्यांचे रंग गणवेशाचे होते. आपल्याकडे ते जातीचे होते. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात चांगला पगार होता, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळ होई. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी तो नाइलाजाने मागण्यांत घेतला. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी सांगितले की, आपल्या माणसाला हमाल म्हणूनही घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करून घेतो आणि त्याला घरात अस्पृश्य चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत हे त्यांनी तिथेच सांगितले. म्हणून कामगारांनी कारखाना घेतला तरी कोण भट्टीवर, कोण हिशेबावर आणि कोण सफाईवर, हे विचारावेच लागेल. खुर्च्या बदलत्या ठेवण्याची झानोनची रीत आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त गरजेची आहे. एक मात्र स्पष्ट करू. काही मित्र याला बाबासाहेबांचाच कार्यक्रम म्हणतात, ते बरोबर नाही. १९४७ च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले होते. कामगारांची सहकारी संस्था ही वेगळी वाट आहे.

आज कायदा काय म्हणतो

ज्या कायद्याखाली कमानीला संधी मिळाली तो आता रद्द झाला आहे. आज कंपनी बुडाली की २०१६ ची दिवाळखोरी संहिता लागते. तिच्यात निर्णय घेते ती धनकोंची समिती, म्हणजे मुख्यतः बँका. कामगारांचा प्रतिनिधी तिथे बसू शकतो, तोही देणी एकूण कर्जाच्या दहा टक्के असतील तरच, आणि मत नाही ते नाहीच. इटलीत १९८५ पासून कामगारांनी बंद कंपनी विकत घ्यावी म्हणून सरकारी निधीची सोय आहे. अर्जेंटिनाने २०११ मध्ये कायदा बदलला आणि थकलेला पगार हीच कामगारांची बोली धरता येईल असे केले. आपल्याकडे यातले काहीच नाही. ही मागणी आपल्या संघटनांच्या ठरावांत आम्हाला अजून दिसलेली नाही. दिसायला हवी.

तरी काही हक्क आहेत. युनियनला कामगारांच्या वतीने दिवाळखोरीचा अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले. मात्र २०२० पासून त्यासाठी थकबाकी किमान एक कोटी असावी लागते, म्हणून एकट्यादुकट्याने काही होत नाही. कंपनी विकायला निघाली तर मागच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतला पैसा तर कंपनीच्या मालमत्तेत धरताच येत नाही.

त्या तरुणाला आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा बोलावले. तो सात जणांना घेऊन आला. कोणाकडे नेमणूकपत्र नव्हते, ठेकेदाराच्या नावावर काम होते. पण मोबाईलमध्ये पगाराचे बँक मेसेज होते, गेटपास होते आणि पीएफचे पासबुक निघत होते. कंपनीविरुद्ध प्रक्रिया सुरू झाली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. कामगाराने दाव्याचा 'ड' नमुना मुदतीत भरायचा असतो, आणि सगळ्यांच्या वतीने एका प्रतिनिधीनेही दावा करता येतो. आम्ही वहीत आठ नावे, कामावर लागल्याची तारीख आणि थकलेले महिने लिहिले. कोणी तरी विचारले की, मशिनींचीही यादी करायची का? डाय सेटरचे काम करणारा मुलगा लगेच सांगायला लागला, प्रेस किती टनांची, लेथ किती, कोणती बिघडलेली. यादी त्याला तोंडपाठ होती. ती लिहायला दोन पाने लागली.