सूर्यफुलाचा केवडा

आज लातूर, नांदेड जिल्ह्यांत खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन दिसते. एके काळी यातील बऱ्याच रानांत सूर्यफूल असे. १९६९ साली सोव्हिएत रशियातून आलेले हे तेलबियांचे पीक इथल्या काळ्या जमिनीत चांगलेच रुजले होते.

१९८४च्या सुमारास मात्र काही रोपे खुजी राहू लागली. शिरांलगत पिवळी पडलेली पाने, पानाखाली पांढरी लव, आणि फूल आलेच तर ते आकाशाकडे तोंड करून ताठ, दाणे पोचट. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातील चारुदत्त मायी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा केवडा रोग ओळखला. भारतातील ही त्याची पहिली नोंद.

केवड्याला आपण बुरशीजन्य रोग म्हणतो. आम्हीही बोलताना म्हणतो. पण त्याचा कारक जीव, प्लाज्मोपारा हालस्टेडी, खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांना जवळचा आहे. त्याचे बीजाणू शेपटीच्या साहाय्याने पाण्यात पोहतात. पेरणीनंतर पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागून राहिला आणि जमीन चिबडली, की ते मुळापर्यंत पोहोचतात, रोपात शिरतात आणि त्याच्याबरोबर शेंड्यापर्यंत चढतात. वरून औषध फवारून मग काय उपयोग? शिवाय त्याचे जाड भिंतीचे बीजाणू जमिनीत कित्येक वर्षे टिकतात. म्हणून उपाय पेरणीपूर्वीच करावा लागतो: किलोभर बियाण्यास ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल (३५ टक्के), किंवा रोगप्रतिकारक वाण.

लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने दुसरी वाट धरली. तेथील 'एलडीएमआरएसएच' संकरित वाणांच्या नावातच लातूर आणि केवडा-प्रतिकार, दोन्ही आहेत.

हा प्रतिकार म्हणजे रोपाभोवतीचे कुंपण नव्हे. रोगजीव प्रतिकारक रोपाच्या मुळातही शिरतो. पण तेथील एखादे जनुक त्याची खूण ओळखते, आसपासच्या पेशी स्वतःहून मरतात आणि वर जाण्याची वाट बंद होते. रोगजीवाने ती खूण बदलली की जनुक आंधळे. फ्रान्समध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस नव्या प्रजाती येऊन असेच घडले. पुढे मेटॅलॅक्झिलला न जुमानणारे प्रकारही तेथे निघाले. उलट युरोपातील सातूत (जव) भुरीविरुद्धचा 'एमएलओ' प्रतिकार चाळीसहून अधिक वर्षे टिकला आहे. तेथे ओळखण्याचा प्रश्नच नाही. भुरीला आत शिरण्यासाठी लागणारे रोपाचे एक जनुकच निकामी झालेले असते. असे जनुक प्रत्येक पिकात सोयीचे ठरेलच असे नाही, कारण रोपालाही त्याचा काही उपयोग असतो.

वर्गात दाखवायचे असेल तर केवड्याचे पान स्वच्छ धुऊन, ओल्या कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी पान उलटून भिंगातून पाहा. ताजी पांढरी लव उगवलेली दिसेल. सूर्यफूल नसेल तर बाजरीचे रोगट पान घ्या. त्या केवड्याला शेतकरी 'गोसावी' म्हणतात. त्याचा कारक जीव वेगळा, पण कूळ तेच.