अर्धा अँटेना दांडीत, अर्धा गाडीत

अमेरिकेच्या महामार्गांवर होंडा गोल्डविंगसारख्या लांब पल्ल्याच्या मोटारसायकली घोळक्याने निघतात, तेव्हा पुढचा स्वार मागच्यांशी अनेकदा सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओवर बोलतो. हा रेडिओ २७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतो. तिथे लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. उभ्या अँटेनाला तिच्या पाव हिश्श्याएवढी, म्हणजे पावणेतीन मीटर उंची हवी. एवढी काठी दुचाकीवर कोण लावणार? म्हणून दांडी बरीच आखूड ठेवतात आणि उरलेली कसर तारेच्या वेटोळ्याने भरून काढतात. त्याने अनुनाद जुळतो, पण काही ऊर्जा वेटोळ्यातच उष्णता होऊन जाते.

खरी अडचण दांडीच्या खाली आहे. पाव लहरीचा अँटेना मुळात अर्धाच असतो. उरलेला अर्धा म्हणजे खालचा धातू. मोटारीला ऐसपैस छत मिळते. मोटारसायकलीजवळ चौकट, इंजिन आणि भोवती प्लास्टिकचे आवरण एवढेच. महागडी दांडी सामानाच्या प्लास्टिकच्या पेटीवर नुसती बसवली, तर पैसे पाण्यात जातात. अँटेनाच्या बुडापासून चौकटीपर्यंत धातूची रुंद, आखूड पट्टी ओढायला हवी आणि जोडाखालचा रंग खरवडून काढायला हवा. दांडी निवडण्यापेक्षा या पट्टीकडे जास्त लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

जागा शक्यतो मागे, पेटीच्या कडेला निवडावी. तिथे स्पार्क प्लगची खरखर कमी पोचते. दांडी माणसाच्या अगदी जवळ मात्र नको, कारण शरीर रेडिओलहरी शोषून घेते. मागे बसवलेल्या अँटेनाचा बराचसा धातू पुढच्या बाजूला पसरलेला असल्याने संदेशही पुढे थोडा जोरात जातो.

आपल्याकडचे परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा वापरतात. तिथे पाव लहर जेमतेम अर्ध्या मीटरची, वेटोळ्याची गरजच नाही. मीटरभर उंचीचा अर्ध्या लहरीचा अँटेना घेतला, तर खालच्या धातूवरही फारसे विसंबावे लागत नाही. दुचाकीसाठी मला हाच पर्याय सर्वांत पसंत आहे.

सीबीच घ्यायचा असेल, तर एसडब्ल्यूआर मीटर हवाच. किती शक्ती अँटेनातून परत फिरते, हे तो दाखवतो. गाडी मोकळ्या जागी उभी करून पहिल्या आणि चाळिसाव्या चॅनेलवर मोजावे. पहिल्यावर आकडा जास्त आला तर दांडी आखूड आहे, चाळिसाव्यावर जास्त आला तर लांब. ३ च्या वर गेला, तर दुरुस्ती होईपर्यंत बोलण्याचे बटण दाबू नये. प्रक्षेपकाचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.