एक यंत्र, अनेक आजार

लोणखेड्याहून उत्तरेला पाहिले की सातपुडा दिसतो. दिवाळी आटोपली की त्या डोंगरातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. आमच्या शेतावर येणारा एक गडी असाच गेला. खोकला जुना होता, थुंकी तपासायला दिली होती. अहवाल आला तेव्हा तो बारडोलीकडच्या फडावर होता. तेव्हापासून मी तपासणीचे हे गणित समजून घेऊ लागलो.

सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसायला एका मिलिलीटर थुंकीत साधारण १०,००० जंतू लागतात. सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रे जंतूची जनुकीय खूण अनेक पटींनी वाढवून ओळखतात; त्यांना शंभर-दीडशे जंतूही पुरतात. गोव्याच्या कंपनीचे ट्रूनॅट तर बॅटरीवर चालते, म्हणजे वीज गेली तरी काम अडत नाही.

ही यंत्रे गावोगाव पोचली ती क्षयासाठी. पण ती क्षयाला बांधलेली नाहीत. कार्ट्रिज किंवा चिप बदलली की तेच यंत्र रक्तातले एचआयव्हीचे विषाणू मोजते, हिपॅटायटिस सी शोधते. २०२० साली आयसीएमआरने याच यंत्रांवर करोनाची तपासणी करायला मान्यता दिली. नवी प्रयोगशाळा उभी राहायची वाट पाहावी लागली नाही.

त्याच वर्षाने दुसरी बाजूही दाखवली. देशात २०१९ मध्ये क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रोग घटला नव्हता. टाळेबंदीत माणसे दवाखान्यापर्यंत पोचली नाहीत, आणि यंत्रे व तंत्रज्ञही करोनाकडे वळले होते.

साधा हिशेब करा. चार कप्प्यांचे सीबीनॅट, एका तपासणीला सुमारे दोन तास. आठ तासांत फार तर सोळा नमुने. त्यातले दहा क्षयाचे असतील तर उरलेल्या सहा जागा दुसऱ्या आजारांना खुशाल द्याव्यात. पण नमुने वीस झाले, तर दुसरी पाळी, आणखी एक तंत्रज्ञ आणि वेगळ्या कार्ट्रिज हव्यातच. नाहीतर एकाचा अहवाल लवकर येतो तो दुसऱ्याचा लांबवून.

म्हणून माझ्या मते खरी कसोटी यंत्र किती आजार ओळखते ही नाही. डोंगरातून आलेल्या माणसाचा अहवाल, तो फडावर जाणाऱ्या गाडीत बसण्याआधी त्याच्या हाती पडतो का, ही आहे.