काकांची पेटी आणि माझा कॅमेरा

बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची दिवाळी पहाटही शुक्रवारीच! पेटीवाल्या काकांचा इथला हा शेवटचा कार्यक्रम. पुढच्या महिन्यात ते कायमचे सांगलीला परतणार. चित्रीकरण अर्थातच माझ्याकडे, कॉम्प्युटर इंजिनिअर ना मी! घरी येऊन पाहतो तर चित्र छान, पण आवाज पार फुटलेला. रेकॉर्डिंगची पातळी मीच जास्त ठेवली होती. काळपट चित्र थोडंफार उजळता येतं. ध्वनिलहरींची टोकंच कापली गेली, तर मूळ सूर परत येत नाही.

शेवटी पहिल्या रांगेतल्या एका काकूंचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग मिळालं. 'दाविंची रिझॉल्व्ह'च्या मोफत आवृत्तीत दोन्हींकडच्या टाळ्या एकमेकींखाली आणून जुळवल्या. सुरुवात चोख, पण तासाभरानं बोटं आधी, सूर नंतर! दोन उपकरणांची घड्याळं किंचित वेगळी चालतात ना. मग प्रत्येक गाणं सुटं करून पुन्हा जुळवलं. ३ रात्री गेल्या. काकूंची 'वा वा' मात्र तशीच राहिली. ती काढायला गेलो की पेटीही पुसट व्हायची.

काकांनी पेन ड्राइव्ह लगेच लॅपटॉपला लावला, डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "ही 'वा वा' कोणाची रे?"