‘निकट’ आणि ‘तत्काळ’ : पत्नीच्या व्हिसाची प्रतीक्षा

यवतमाळ जिल्ह्यातील राजूरसारख्या गावी राहणाऱ्या विवाहितेचा पती अमेरिकेत असेल, तर तिच्या व्हिसास लागणारा काळ पतीच्या तेथील दर्जावर अवलंबून असतो. अमेरिकन कायदा नागरिकाच्या पत्नीस ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ म्हणतो. ‘तत्काळ नातेवाईक’ हा त्याचा शब्दशः अनुवाद भ्रामक होय. ‘इमिजिएट’ या शब्दाचा लॅटिन मुळातील अर्थ ‘मध्ये काही नसलेले’ असा आहे; ‘तत्काळ’ या शब्दात मात्र ‘काल’ प्रत्यक्षच आहे. येथे विशेषण नात्याचे आहे, वेळेचे नव्हे. म्हणून ‘निकटचा आप्त’ हाच पर्याय युक्त ठरतो.

१९६५ च्या कायद्यान्वये अशा आप्तांच्या व्हिसांस वार्षिक संख्यामर्यादा नाही. तथापि अर्जाची छाननी, कागदपत्रांची पूर्तता आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतील मुलाखत यांत काळ जातोच. याउलट पती केवळ ‘कायम रहिवासी’ असेल, तर पत्नीचा समावेश मर्यादित संख्येच्या वर्गात होतो आणि अर्ज दाखल झाल्याच्या दिनांकावरून तिचा क्रम लागतो. पतीस नागरिकत्व मिळताच क्रमाची प्रतीक्षा संपते, कामकाजाची उरते. ‘तत्काळ’ या शब्दावर विसंबून प्रस्थानाचा बेत आखणाऱ्या कुटुंबास हा भेद आधीच कळणे अगत्याचे आहे.