दोरी, ओळंबा आणि शर्यतीची मोटार

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याची ओळख साखर कारखाने व अवर्षणग्रस्त तालुके यांवरून करून देण्याचा प्रघात आहे. वाहनविद्येशी असलेले या जिल्ह्याचे नाते मात्र क्वचितच सांगितले जाते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था येथे वाहननगरात आहे. तिच्या चाचणी-मार्गांवर लष्करी वाहनांबरोबर नागरी वाहनेही तपासली जातात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२६ व्या नियमात नमूद केलेल्या चाचणी संस्थांत तिचा समावेश आहे. १९७२ मध्ये आलेली ‘लुना’ याच नगरात तयार होत असे. पुढे १९८३ च्या सुमारास लोणी, कोपरगाव व संगमनेर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि ग्रामीण मुलांना यंत्रशिक्षणाची दारे उघडली.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी शर्यतीची लहान मोटार स्वतः बांधून चालवावी, अशा स्पर्धा आता देशात भरतात. खडबडीत मार्गावरील ‘बाजा’ ही स्पर्धा २००७ साली मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे सुरू झाली. अशी गाडी उभी राहिली की पहिला प्रश्न पडतो तो चाकजुळणीचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘अलाइनमेंट’चा. त्यासाठीच्या संगणकीय यंत्राची किंमत लाखांच्या घरात जाते. तथापि गवंड्याचा ओळंबा, पाण्याची नळी, नायलॉनची बारीक दोरी आणि पोलादी पट्टी एवढ्या सामग्रीवर हे काम पुरेशा अचूकतेने होऊ शकते.

प्रथम जमीन समपातळीत हवी. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांखालच्या जागा तपासाव्यात व सखल जागी फरशीचे तुकडे घालावेत. टायरांतील हवा नेमकी भरावी आणि चालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती आसनावर ठेवावीत, कारण रिकाम्या गाडीची मापे धावत्या गाडीस लागू पडत नाहीत. प्रत्येक चाकाखाली गुळगुळीत पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये वंगण लावून, ठेवल्यास टायर जमिनीला अडकून राहत नाही.

आता गाडीच्या पुढे व मागे एकेक आडवा नळ टेकूवर बसवावा. दोन्ही नळांवर सारख्याच अंतरावर खाचा पाडलेल्या असाव्यात. त्या खाचांतून चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणल्या की त्या परस्परांशी समांतर होतात. पुढील दोन्ही चाकांच्या मध्यापासून दोरीचे अंतर सारखे असावे, मागील दोन्ही चाकांचेही सारखे असावे. पुढचे व मागचे अंतर मात्र एकच असण्याचे कारण नाही. दोन्ही आसांची रुंदी बहुधा वेगळी असते. चारही मापे एक करण्याच्या नादात नवशिके गाडीच वाकडी जुळवतात!

यानंतर रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचे अंतर मोजावे. पुढचे अंतर जास्त, म्हणजे चाक आत वळलेले (टो-इन). कमी, म्हणजे बाहेर वळलेले (टो-आउट). रिम स्वतःच किंचित वाकडी असण्याचा संभव असतो. यास्तव चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावे व दोहोंची सरासरी घ्यावी. चाकाचा उभा कल (कँबर) ओळंब्याने कळतो. रिमचा व्यास ३३० मिलिमीटर असल्यास वरच्या व खालच्या कडेच्या मापांत सुमारे पावणेसहा मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंशाचा कल होय.

या मिलिमीटरांचे महत्त्व शिक्षकांना फळ्यावर सहज दाखवता येईल. ३३० मिलिमीटरच्या रिमवर दोन मिलिमीटरचा फरक असेल, तर ते चाक दर किलोमीटरमागे सुमारे सहा मीटर आडवे घासटते. शर्यतीत पुढची चाके वळणावर चटकन वळावीत म्हणून थोडी बाहेर वळवण्याची पद्धत आहे. तेथे टायरची झीज ही पत्करलेली किंमत असते.

गावच्या रस्त्यावर ती किंमत कोणी जाणूनबुजून पत्करत नाही, पण मोजतो मात्र. ऊस वाहणाऱ्या टायरगाडीचा आस जादा ओझ्याने मध्ये वाकला की चाकांचे माथे आत झुकतात. खड्ड्याच्या धक्क्याने आसाची टोके मागे सरकली की चाके पुढून फाकतात. सुमारे ४०० मिलिमीटरच्या रिमवर प्रत्येक चाक चार मिलिमीटरने फाकले असेल, तर वीस किलोमीटरवरील कारखान्यापर्यंत ते दोनशे मीटर आडवे ओढले जाते. हे जादा श्रम बैलांचे असतात आणि झिजलेला टायर मालकाचा.

तपासणी सोपी आहे. आसाच्या उंचीवर दोन्ही रिमांच्या आतील कडांमधील अंतर पुढे व मागे मोजावे. वरील उदाहरणात पुढचे अंतर आठ मिलिमीटरने अधिक भरेल. मग जुवाच्या मध्यबिंदूपासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंत दोरी लावून पाहावी. दोन्ही लांबी सारख्या नसतील तर आस तिरका बसला आहे, आणि एका बैलाला गाडी सतत बाजूला ओढून धरावी लागत आहे. जुने सुतार आरे आणि तुंबा जुळवताना दोरीचाच आधार घेत. गाळप हंगामापूर्वी शाळेच्या आवारात किंवा पंचायतीच्या ओट्यापाशी पाच-दहा गाड्यांची मापे घेण्यास एक सकाळ पुरेल. वाकलेला आस सरळ करण्याचे काम मात्र लोहाराकडेच द्यावे.