साडेनऊ लाखांचं गाव

सोलापुरात दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की चार वाक्यांत विषय पाण्यावर येतो. "तुमच्याकडं कितव्या दिवशी?" एवढं विचारलं तरी पुरतं. आमच्या भागात चौथ्या दिवशी येतं, कधी पाचव्या. वेळ ठरलेली असते, पण वीज गेली किंवा वरची टाकी भरली नाही की ती सरकत सरकत पहाटे तीनवर जाते. गल्लीत पहिली मोटर सुरू झाली की तिच्या आवाजानं शेजारचं घर उठतं. पलीकडच्या अक्का दाराची कडी वाजवून "पाणी आलंय वो, उठा" म्हणतात आणि पुढच्या दाराकडं वळतात. मग तासभर सगळी गल्ली जागी असते. आधी जमिनीतला हौद, मग गच्चीवरची टाकी, शेवटी स्वयंपाकघरातलं पिंप घासून, फडक्यानं गाळून भरायचं. घरात लग्नकार्य असलं की आधी पाण्याचा वार बघतात, मग पाहुण्यांना कोणत्या दिवशी बोलवायचं ते ठरतं.

बाहेरगावच्या माणसाला वाटतं, दुष्काळी भाग आहे, असंच असणार. पण उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे. त्याची साठवण ११७ टीएमसी, राज्यातल्या मोठ्या धरणांत त्याची गणना. अडचण धरणापासून नळापर्यंतच्या वाटेत आहे. धरण शहरापासून शंभर किलोमीटरच्या वर. तिथून एक जलवाहिनी येते. ती पुरत नाही म्हणून भीमेच्या पात्रात पाणी सोडायचं, ते औजच्या बंधाऱ्यात अडवायचं आणि टाकळीहून उपसून शहरात आणायचं. नदीतून सोडलेलं पाणी वाटेत मुरतं, उन्हानं उडतं, काठावरच्या मोटारी ओढतात. शहराला हवं असतं थोडं, सोडावं लागतं त्याच्या कितीतरी पट. दुसरी समांतर जलवाहिनीही टाकली गेली, पण शहरातल्या टाक्या आणि जमिनीखालचं नळांचं जुनं जाळं त्या मापाचं झाल्याशिवाय रोजचं पाणी शक्य नाही. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला होता. त्या वेळी गल्लीतल्या बायकांनी एकच गोष्ट मागितली होती: रोज एक तास नळ.

२०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या थोडी वर होती. पुणे-मुंबईच्या माणसाला हे गाव वाटतं, मंगळवेढ्याच्या माणसाला मोठं शहर. मी जन्मापासून इथं आहे. कन्ना चौकाजवळ माझं करसल्लागाराचं छोटं कार्यालय आहे, त्यामुळं हे शहर मी बरंचसं हिशेबाच्या वह्यांतून पाहिलं आहे. माझे बहुतेक अशील टॉवेलवाले. त्यातले बरेच पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारे. त्यांचे वाडवडील तेलंगणातून हातमाग घेऊन आले. मुनीम घरी कन्नड बोलतो, सुताचा व्यापारी मारवाडी, रंगारी उर्दू बोलणारा, आणि व्यवहार सगळा मराठीत, आमच्या मराठीत. "काय करलालाव मॅडम, रिटर्न भरला का?" असा फोन आला की पलीकडं कोण आहे हे नाव न सांगता कळतं.

पूर्व भागात दुपारी फिरा. रस्त्यावरच मागाचा खडखड आवाज सुरू होतो. वीस-पंचवीस फूट रुंदीच्या शेडमध्ये आठ-दहा यंत्रमाग, वर जकार्ड, आणि त्यातून खाली सरकणारी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. टॉवेलावर फूल यायचं की मोर, ते ती भोकं ठरवतात. टॉवेलाला दोन ताणे लागतात. एक घट्ट बसतो, दुसरा मुद्दाम सैल सोडतात. त्या सैल ताण्याचे फासे वर उभे राहतात आणि तेच पाणी शोषतात. विणून झालेला ठाण धुलाईला जातो, परत येतो, कापला जातो आणि कडा शिवायला घरोघरच्या बायकांकडं जातो. ही सगळी फिरती एका टेम्पोत, दोन-चार किलोमीटरच्या आत होते. आपण वापरतो ती वस्तू कुणाच्या हातून बनते, हे इथल्या माणसाला चालता-चालता दिसतं. मध्यम शहरात राहण्याचा हा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो. कामगार, मालक, व्यापारी आणि हिशेबनीस एकाच चौकात चहा पितात आणि एकमेकांच्या घरचं दुखणं-खुपणं त्यांना ठाऊक असतं.

दुखणं बरंच आहे. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. १९४९ साली ती बंद पडली तेव्हा केंद्र सरकारला त्या एका गिरणीसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेवढं या शहराचं वजन होतं. पुढं ती गिरणी गेली, नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली. काम छोट्या शेडमध्ये उतरलं आणि त्याबरोबर मालकाची ताकदही उतरली. आज माझ्यासमोर बसणारा कारखानदार सूत रोखीनं घेतो आणि माल उधारीवर देतो. नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही, असा कायदा आता आहे. तो आमच्या माणसाच्या बाजूचा आहे. पण परगावच्या मोठ्या व्यापाऱ्याला तसं पत्र लिहूया म्हटलं की कारखानदारच हात जोडतो. "मॅडम, पुढच्या खेपेला ऑर्डरच नाही दिली तर?" यावर माझ्याकडं कायद्याचं उत्तर असतं, धंद्याचं नसतं. मला याचा राग येतो. कापूस कुठला, सूत कुठलं, माग कुणाचा, घाम कुणाचा, आणि भाव ठरवणारा बसलाय पाचशे मैलांवर!

अनेक घरांत नवरा मागावर आणि बायको विडीवर असते. कारखान्यातून तेंदूपान आणि तंबाखू घरी आणायची, पान भिजवून मापात कापायचं, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं आणि दुसऱ्या दिवशी मोजून द्यायचं. हजार विड्यांमागं मजुरी. पुढ्यात सूप, मांडीवर लेकरू, बोटं चालूच. या बायकांच्या नावावर शहराबाहेर कुंभारीला घरं झाली. २००६ साली गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच परिसरात रे नगरची पहिली पंधरा हजार. त्यामागं कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांची आणि कामगार संघटनेची वर्षानुवर्षांची लढाई आहे. माझ्या कार्यालयात झाडलोट करणाऱ्या मावशी तिथं राहायला गेल्या. घराच्या कागदावर पहिल्यांदा स्वतःचं नाव पाहिलं त्या दिवशी त्यांनी मला तो कागद वाचून दाखवायला लावला, आणि पुन्हा एकदा वाचायला लावला. आता त्यांना कामावर यायला दोन रिक्षा बदलाव्या लागतात, तरी त्या भाड्याच्या खोलीत परतायला तयार नाहीत.

बाकी आमची अंतरं लहान. कार्यालयातून नवी पेठ, सात रस्ता, सिव्हिल, स्टेशन, कुठंही गेलं तरी अर्ध्या तासाच्या आत. मी दुपारी घरी जेवते. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, आणि उन्हाळ्यात पारा ४३ वर गेला की ताक. सासऱ्यांना रात्री छातीत दुखलं तेव्हा डॉक्टर आमच्या ओळखीचे निघाले, औषधांच्या दुकानदारानं शटर उघडून दिलं, पैसे सकाळी दिले. ओळखीची ही ऊब खरी आहे. पण तीच ओळख मुलींना जड जाते. वर्गातल्या मुलाबरोबर पार्क चौकात चहा घेतला तर मुलगी घरी पोचायच्या आधी फोन पोचतो. अमुक भाषेची, अमुक पेठेची, अमुक घरची, हे ओझं इथं वय झालं तरी उतरत नाही. पुण्याला गेलेल्या कितीतरी मुली मला सांगतात, पगार हे निम्मं कारण होतं.

आणि मुलं जातात. इथं विद्यापीठ आहे, २००४ साली एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेलं. अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, वैद्यकीय आहे. शिक्षण होतं, पण त्या शिक्षणाला साजेसं काम मिळत नाही. सकाळी साडेसहाच्या सुमाराची हुतात्मा एक्स्प्रेस या मुलांची गाडी. स्वातंत्र्यलढ्यात १९३० साली या शहरात लष्करी कायदा लावला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना पुण्यात येरवड्याला फाशी दिली गेली. त्या चौघांच्या स्मरणार्थ गाडीचं हे नाव. चार नावं वाचली तरी आमचं शहर कुणाकुणाचं आहे ते कळतं. त्या गाडीनं माझा मुलगाही गेला. हिंजवडीला असतो. सुटीत आला की दोन दिवस झोपतो, तिसऱ्या दिवशी "इथं काय करू आई?" म्हणतो. मी त्याला अडवत नाही, कारण माझ्याकडं दाखवायला नोकरी नाही.

जानेवारीत मात्र तो न सांगता येतो. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना १३ तारखेला तैलाभिषेक, १४ ला सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा. उंचच उंच नंदीध्वज पेलत बाराबंदी घातलेले तरुण चालत येतात आणि दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. त्या गर्दीत लिंगायत, पद्मशाली, मराठा, मुसलमान सगळे असतात. आमच्या गल्लीतली पोरं वर्षभर मोबाइलवर असतात, पण नंदीध्वजाच्या सरावाला रात्री न चुकता हजर. हे पाहून दरवेळी माझी खात्री होते की मुलांना इथं राहायला आवडत नाही हे खरं नाही. त्यांना इथं कमवायला जागा हवी आहे.

टॉवेल इथं विणला जातो, पण त्याचं डिझाइन, छायाचित्रं, ऑनलाइन विक्री, परदेशी ग्राहकाशी पत्रव्यवहार ही सगळी कामं बाहेर होतात, आणि जास्त पैसा त्यातच आहे. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलाला भौगोलिक मानांकन आहे; त्याचा उपयोग करून घ्यायला शिकलेली माणसं लागतात, आणि ती आमच्याच घरांतली आहेत. गेल्या वर्षी माझ्या एका अशिलाची मुलगी पुण्याची नोकरी सोडून परत आली. वडील नाराज होते, आई गप्प होती. तिनं शेडच्या वरची खोली रंगवून घेतली, जुन्या जकार्डचे नमुने संगणकात उतरवले आणि टॉवेलांवर स्वतःचं नाव शिवून विकायला सुरुवात केली. पहिले काही महिने तोटा होता, तो मीच तिच्या ताळेबंदात मांडला. परवा ती आयात-निर्यात कोडचा अर्ज भरायला आली होती. अर्ज भरून झाल्यावर तिनं विचारलं, दोन माणसं पगारावर घ्यायची तर भविष्य निर्वाह निधीचं काय करावं लागेल? वीस माणसं होईपर्यंत सक्ती नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग वीसचं आत्ताच समजावून ठेवा, अक्का." आम्ही ते नियम काढून वाचायला बसलो.